रविवारी न दुखणारं पोट

माझ्या धाकट्याच्या बेंबीशेजारी तीन काळसर डाग आहेत. बिब्ब्याचे. आमच्या घनसावंगी तालुक्यात लेकराचं पोट दुखलं की आधी मीठ-मोहरीने दृष्ट काढतात, मग बेंबी सरकली म्हणून चोळतात, तरीही राहिलं नाही तर बिब्ब्याचे चटके देतात. आत्याबाईंनी ते मायेनेच केलं आणि मी त्याचे हात धरून बसले होते. फोड आले, पिकले, पोट दुखायचं ते दुखतच राहिलं. म्हणून पहिलं सांगणं हे, की लेकराच्या अंगाला बिब्बा लावू देऊ नका. त्याच्या तेलाने कातडी जळते, दुखणं जात नाही.

तेव्हा तो तिसरीत होता. दप्तर भरायला घेतलं की पोट धरून उंबऱ्यावर बसायचा. कपाळावर घाम, कधी कधी उलटी. जालन्याला नेऊन दोनदा सोनोग्राफी केली, रक्त-लघवी तपासली, जंताचं औषध दिलं. त्या साली मोसंबीला भाव नव्हता, पैसे उसने आणले होते. सगळे रिपोर्ट चांगले आले आणि एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, "काही नाही, नाटक करतोय." घरी आल्यावर मी त्याला मारलं. तो रडला नाही, नुसता म्हणाला, "आई, खरंच दुखतं गं."

वाट दाखवली शाळेतल्या मॅडमनी. तोंडी गणितं पटापट सांगतो, पण फळ्यावरचं वहीत उतरवत नाही, असं त्या म्हणाल्या आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. मला राग आला. माझं पोर वेडं आहे का? तरी गेलो. डॉक्टरांनी पोट तपासलं, जुने रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "ताई, महिनाभर कॅलेंडरवर खूण करा. आणि पुढच्या वेळी त्याची वही आणा."

महिन्याच्या शेवटी कॅलेंडर समोर धरलं आणि मलाच दिसलं. लाल खुणा सगळ्या शाळेच्या दिवसांवर, रविवार कोरे. वहीत 'घर' लिहायचं तिथे 'धर', 'भात'च्या जागी 'मात', वेलांट्या हरवलेल्या. पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि कळलं, त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. बुद्धी चांगली आहे, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड त्याच्या मेंदूत सहज बसत नाही. रोज वर्गात उभं राहून वाचायची जी धास्ती होती, ती पोटात उतरत होती. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात, भीतीने आतडी आवळतात. म्हणजे कळ खरीच होती.

एक गोष्ट नीट समजून घ्या. 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर' नावाचा आजार आहे. रिपोर्ट चांगले आले की तो झाला, असं नसतं. दुखण्याची काळजी इतकी वाढते की माणसाचा दिवस तिच्यातच जातो आणि हे बहुधा सहा महिन्यांच्या वर चालतं, तेव्हा डॉक्टर त्याचा विचार करतात. सोबत शरीराचा आजारही असू शकतो. माझ्या मुलाला डॉक्टरांनी हे नाव लावण्याची घाई केली नाही, याचं मला मोल वाटतं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, हिरवी उलटी यांपैकी काही दिसलं तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा.

उपचारात वाचनाच्या दोषावर गोळी नव्हती. विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोन दिवस, वाळूत बोटाने अक्षरं गिरवणं, वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती बंद. घरासाठी नियम कडक होता. पोट दुखलं तर जवळ घ्यायचं, पण शाळा बुडवायची नाही, पहिले काही दिवस अर्धा वेळ का होईना जायचंच. दर वेळी नवा डॉक्टर, नवी सोनोग्राफी नाही. एकच डॉक्टर, ठरलेल्या तारखेला. दुखणं महिन्याभरात गेलं नाही, वर्ष लागलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच चाळणी करावी असं सरकारी मार्गदर्शनात आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही शाळेत विचारा. प्रमाणपत्र असलं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो. कुणाकडे जावं ते उमगत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

परवा परतूरहून बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचं डोकं रोज दुखतं, चष्म्याचा नंबर नाही. मी विचारलं, "रविवारी दुखतं का?" ती गप्प झाली. मग म्हटलं, "येताना तिची वही घेऊन ये. आणि तिला रागावू नकोस."