दोघांना रौप्य, असं कसं?

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्प्सन या दोघांची वेळ ९.७९ सेकंद होती. तरी सहस्रांश बघून सुवर्ण एकट्या लाइल्सला दिलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ॲडम पीटी आणि निक फिंक या दोघांनी ५९.०५ सेकंद घेतले, आणि रौप्यपदक दोघांनाही मिळालं. पोहण्याची घड्याळं धावण्याच्या घड्याळांपेक्षा मागासलेली आहेत का?

उत्तर : घड्याळं तितकीच तल्लख आहेत. अडचण तलावाची आहे.

सहस्रांशावर निकाल लावण्याचा प्रयोग पोहण्यातही झालेला आहे. १९७२ साली म्युनिकला ४०० मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी एकाच वेळी भिंतीला भिडले. फलकावर दोघांची वेळ ४ मिनिटं ३१.९८ सेकंद. मग तिसरा दशांश आकडा उघडला गेला : लार्सन ३१.९८१, मॅकी ३१.९८३. सुवर्ण लार्सनला मिळालं. मॅकीच्या नावावर अखेर हे धरून तीन ऑलिम्पिक रौप्यपदकं जमा झाली, सुवर्ण एकही नाही.

आता जरा हिशेब करू. त्या वेगानं पोहणारा माणूस दोन सहस्रांश सेकंदांत साधारण तीन मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे ४०० मीटर पोहून झाल्यावर दोघांत अंतर होतं तीन मिलिमीटरचं. आणि तलाव? तो काँक्रीटचा किंवा पोलादी पत्र्याचा. बांधताना भिंत कुठे किंचित आत राहते, कुठे फरशी जाड बसते. पाणी भरलं की भिंतींवर दाब येतो, तापमानानं सामान आकसतं-फुगतं. म्हणून नियमच असा आहे की प्रत्येक लेनची लांबी पन्नास मीटरपेक्षा कमी नसावी, मात्र एखादा सेंटीमीटर जास्त भरली तर चालेल. ४०० मीटरला तलावाच्या आठ फेऱ्या होतात. मॅकीची लेन लार्सनच्या लेनपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी लांब असती, तरी तो चार मिलिमीटर जास्त पोहला असता, म्हणजे ज्या अंतरानं हरला त्याहून अधिक. तसं झालं होतं असं कुणी म्हणत नाही. पण झालं नव्हतं हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्युनिकनंतर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघानं शहाणपणा केला आणि निकाल शतांशावर थांबवला. शतांशापर्यंत बरोबरी असेल तर ती बरोबरीच.

धावण्यात ही भानगड नाही. शंभर मीटरच्या सगळ्या लेनना मिळून एकच सरळ अंतिम रेषा असते आणि त्या रेषेवर रोखलेला कॅमेरा. कुणाची छाती आधी आली ते एकाच चित्रात दिसतं. पोहण्यात प्रत्येकाची भिंत वेगळी, भिंतीवरचं टचपॅडही वेगळं.

टचपॅड येण्याआधीचा कारभार बघितला तर आजच्या बरोबऱ्या फारच सभ्य वाटतील. १९६० साली रोममध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट यांच्यात चुरस झाली. तिन्ही स्टॉपवॉचवर डेविटची वेळ ५५.२ होती. लार्सनच्या तीन घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरीही पहिला क्रमांक ठरवणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी डेविट म्हटलं. दुसरा क्रमांक ठरवणाऱ्या तिघांपैकी दोघांचं म्हणणं होतं की डेविट दुसरा आला! मुख्य पंचांनी डेविटच्या पारड्यात निकाल टाकला आणि लार्सनची वेळ चक्क ५५.२ करून ठेवली. अमेरिकेच्या तक्रारींचा काही उपयोग झाला नाही. १९६७ साली विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ओमेगा कंपनीची टचपॅडं आली, तेव्हा कुठे हाताच्या स्पर्शानं घड्याळ थांबू लागलं. लाटेनं ते थांबत नाही, दाब द्यावाच लागतो. २००८ साली बीजिंगला १०० मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच हात लांबवून भिंतीकडे तरंगत गेला. मायकेल फेल्प्सनं आणखी एक अर्धवट हात मारून पॅडवर थाप दिली. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९.

त्याच फेल्प्सवर रिओत बरोबरीची पाळी आली. २०१६ च्या १०० मीटर बटरफ्लायमध्ये तो, चॅड ले क्लॉस आणि लास्लो चेह हे तिघेही ५१.१४ मध्ये आले. रौप्यपदकं तीन, कांस्य कुणालाच नाही. पुढे सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग निवांत सुवर्ण घेऊन बसला होता. सुवर्णाचीही वाटणी झालेली आहे : १९८४ साली लॉस एंजेलिसला, २००० साली सिडनीला आणि पुन्हा रिओत, सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक यांच्यात. पात्रता फेरीत शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली तर मात्र वाटणी नाही. दोघांना पुन्हा पाण्यात उतरून पोहावं लागतं.

मग शतांश तरी शंभर टक्के न्याय्य आहे का? माझ्या मते, नाही. १५०० मीटरला तीस फेऱ्या होतात. एक लेन दुसरीपेक्षा सेंटीमीटरभर लांब असेल तर तीस सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाचे सतराएक शतांश. प्रत्यक्ष ऑलिम्पिकच्या तलावात इतकी तफावत असेलच असं नाही, पण नियमाला ती चालते. तर्काला धरून चाललं तर लांब पल्ल्याचा निकाल दशांशावर थांबवायला हवा. ते कुणी मान्य करणार नाही, हेही खरं.

एकाच फेरीच्या शर्यतीत मात्र शतांशाला जाब विचारता येत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ सेकंद घेतले आणि एका शतांशानं त्याचं कांस्य हुकलं. त्या वेगाला एक शतांश म्हणजे दोन सेंटीमीटरहून थोडं जास्त, जेमतेम बोटाचं एक पेर. तलावाला माफ असलेल्या चुकीपेक्षा ते अंतर मोठं आहे. जपानच्या शुनिची नाकाओनं पॅड खरोखरच आधी दाबलं होतं.