लेखणी आणि पुरावा : संपादिका आयडा वेल्स

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपणांस माहीत आहेच. परंतु कायद्याने मुक्त झालेल्या त्या कृष्णवर्णीय बांधवांच्या वाट्याला पुढे काय आले? ते जगापुढे मांडण्याचे काम एका संपादिकेने केले. त्यांचे नाव आयडा बी. वेल्स. विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

आयडांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज येथे गुलाम आई-वडिलांच्या पोटी झाला. यादवी युद्धानंतर हे कुटुंब स्वतंत्र झाले. १८७८ साली पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि एक तान्हा भाऊ असे तिघेही दगावले. भावंडांना वेगवेगळ्या घरी वाटून द्यावे असे ओळखीच्या लोकांनी ठरविले. सोळा वर्षांच्या आयडांनी ते होऊ दिले नाही. शिक्षिकेची नोकरी धरून त्यांनी घर सांभाळले.

पुढे टेनेसी राज्यात रेल्वेने जात असता, वरच्या वर्गाचे तिकीट जवळ असूनही त्यांना स्त्रियांच्या डब्यातून ओढून बाहेर काढण्यात आले. त्यांनी कंपनीवर खटला भरला. १८८४ साली खालच्या न्यायालयाने ५०० डॉलर भरपाई दिली. पण १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. याच अनुभवावर त्यांनी लिहिले आणि त्यांची लेखणी सुरू झाली.

१८८९ साली त्या मेम्फिस शहरातील 'फ्री स्पीच' या पत्राच्या भागीदार व संपादिका झाल्या. त्यांच्या गिऱ्हाइकांत अक्षरओळख नसलेले पुष्कळ लोक होते. ते अंक विकत घेत आणि दुसऱ्याकडून वाचून घेत. विक्रेते त्यांच्या हाती भलतेच पत्र देऊ लागले, तेव्हा आयडांनी आपला अंक गुलाबी कागदावर छापण्यास सुरुवात केली. रंग पाहून निरक्षर माणूसही आपले पत्र ओळखू लागला. १८९१ साली कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी छापली आणि त्यापायी शिक्षिकेची नोकरी गमावली.

खरी कसोटी १८९२ साली आली. त्यांचे स्नेही टॉमस मॉस यांनी इतरांसह भागीदारीत एक किराणा दुकान काढले होते. जवळच्या गोऱ्या दुकानदाराला ही स्पर्धा सहन होईना. तंटा पेटला, मॉस व त्यांचे दोन सहकारी तुरुंगात पडले आणि ९ मार्च रोजी जमावाने त्यांना तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. जीविताचे रक्षण न करणारे हे शहर सोडा, असे आयडांनी लिहिले. शेकडो लोक शहर सोडून गेले. राहिलेल्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला, तेव्हा ट्राम कंपनीचे अधिकारीच विनंती करण्यास 'फ्री स्पीच'च्या कचेरीत आले.

अशा हत्यांचे समर्थन एकाच आरोपाने केले जाई : कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार करतात. आयडांनी स्वतः चौकशी केली आणि मे महिन्यात ही सबब खोटी असल्याचे लिहिले. २७ मे रोजी जमावाने कचेरी उद्ध्वस्त केली. त्या वेळी त्या प्रवासात होत्या, म्हणून वाचल्या. परत आल्यास ठार करू, अशी धमकी मिळाली. मेम्फिस सुटले, लेखणी मात्र सुटली नाही.

न्यूयॉर्कच्या पत्रात लिहून त्यांनी त्याच वर्षी पुस्तिका काढली. आठ वर्षांत मारल्या गेलेल्या ७२८ जणांपैकी एकतृतीयांशांवरच तसा आरोप तरी होता, सिद्ध होणे दूरच, असे तीत दाखविले. १८९५ सालच्या 'अ रेड रेकॉर्ड' या पुस्तकात त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्याच वृत्तपत्राचे आकडे वापरले. विरोधकाला नाकारता येणार नाही असा पुरावा त्याच्याच घरातून आणावा, ही त्यांची पद्धत होती. १८९३ व १८९४ साली इंग्लंडमध्ये व्याख्याने देऊन त्यांनी तिकडचे लोकमतही जागे केले.

१८९५ साली वकील व पत्रकार फर्डिनांड बार्नेट यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी शिकागोत 'कॉन्झर्व्हेटर' हे पत्र चालविले. संसार सांभाळून स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटल्या. २५ मार्च १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र मुलीने संपादित करून १९७० साली प्रसिद्ध झाले. २०२० साली त्यांना मरणोत्तर पुलित्झर गौरव मिळाला. जमावहत्येविरुद्धचा केंद्रीय कायदा मात्र अमेरिकेत २०२२ साली झाला.

अन्यायाची चीड आपणां सर्वांनाच येते. पण गावाचे नाव, तारीख, घटना आणि आकडा टिपून ठेवण्याचे कष्ट थोडेच घेतात. छापखाना मोडता येतो, नीट नोंदलेले सत्य मोडता येत नाही, हा या चरित्राचा धडा आहे.

विचार करण्यासाठी प्रश्न :
१. अंक गुलाबी कागदावर छापण्यामागे कोणता हेतू होता?
२. आयडांनी गोऱ्यांच्या वृत्तपत्रातील आकडे का वापरले?
३. आपल्या वस्तीतील एखाद्या प्रश्नाची नोंद करावयाची झाल्यास कोणती माहिती गोळा कराल?