लोवेलचे कालवे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. बॉस्टन ही त्याची राजधानी. बॉस्टनपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल हे शहर वसले आहे. येथे नदी एका ठिकाणी सुमारे ३० फूट खाली उतरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या उताराला काही मोल नव्हते. पण बॉस्टनच्या काही व्यापाऱ्यांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनात निराळाच विचार आला. उंचावरून येणारे पाणी कालव्यांतून खेळविले, तर त्याच्या जोरावर मोठमोठी चाके फिरतील आणि चाकांच्या जोरावर शेकडो माग चालतील, असा तो विचार होता. १८२२ साली त्यांनी कंपनी स्थापन केली, १८२३ साली पहिले कापड विणून निघाले, आणि थोड्याच वर्षांत नदीकाठच्या शेतांच्या जागी तांबड्या विटांच्या पाचपाच मजली गिरण्या उभ्या राहिल्या. फ्रान्सिस कॅबट लोवेल या उद्योजकाने इंग्लंडमधील यंत्रमाग पाहून, त्यांची रचना ध्यानात ठेवून, आपल्या देशात तसे माग बनवून घेतले होते. तो १८१७ सालीच वारला. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचेच नाव या नव्या गावास दिले.

सोलापूर, इचलकरंजी किंवा मुंबईचे गिरणगाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना लोवेलचे जीवन समजावयास कठीण जाऊ नये. फरक एवढाच की, तेथे भोंग्याच्या ऐवजी घंटा वाजे, आणि आरंभीच्या काळात कामावर येणाऱ्यांत बहुतेक खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या मुली असत. त्या कंपनीच्या वसतिगृहांत राहत. आठवड्याला सुमारे ७३ तास त्यांना काम करावे लागे. कापसाच्या तंतूंनी हवा भरलेली असे आणि मागांचा खडखडाट इतका की, शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीशी बोलताही येत नसे. तरीही आपल्या कमाईचे पैसे प्रथमच त्यांच्या हाती येत होते, ही गोष्ट त्यांना मोठी वाटे. रात्री त्या व्याख्यानांना जात आणि पुस्तके वाचीत. १८४० पासून काही वर्षे त्यांच्या लेखांचे एक मासिकही निघत होते.

१८३६ साली वसतिगृहाचा आकार वाढविल्यामुळे त्यांच्या हाती पडणारी मजुरी कमी झाली आणि मुलींनी काम बंद करण्याचे ठरविले. हॅरिएट हॅन्सन ही अकरा वर्षांची मुलगी तेव्हा भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावण्याचे काम करीत असे. तिच्या खात्यातील मोठ्या मुली ऐन वेळी कचरू लागल्या. तेव्हा ही लहानगी एकटीच दाराकडे चालू लागली. मागे वळून पाहते तो साऱ्याजणी तिच्या पाठोपाठ येत होत्या. त्या धाडसाची किंमत मात्र तिच्या आईला द्यावी लागली. आई कंपनीचे वसतिगृह चालवीत असे. मुलीला आवरता आले नाही म्हणून तिचे काम काढून घेण्यात आले. हॅरिएटने म्हातारपणी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे.

पुढे या मुलींच्या जागी आयर्लंड, कॅनडाचा फ्रेंच भाषिक प्रदेश, ग्रीस, पोलंड, पोर्तुगाल अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे काम करू लागली. १९२० साली शहराची वस्ती १,१२,७५९ होती. पण तोपर्यंत घसरण सुरू झाली होती. वाफ आणि वीज यांमुळे गिरणीला धबधब्याची गरज उरली नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत कापूस जवळ होता आणि मजुरी कमी होती. लोवेलच्या मालकांनी नफा वाटून घेतला, परंतु जुनी यंत्रे बदलण्याकडे म्हणावे तसे लक्ष दिले नाही. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. घरात एकाचे काम गेले म्हणजे किराणा दुकानदाराची उधारी थकते. त्याचे दुकान बसले म्हणजे घरमालकाचे भाडे बुडते. असे होता होता मेरिमॅक रस्त्यावरची गजबजलेली बाजारपेठ ओस पडत गेली. गिरण्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, आणि नऊ किलोमीटर लांबीच्या कालव्यांत कचरा साचला. १९७० साली शहराची वस्ती ९४,२३९ वर आली होती.

आता काय करावे? त्या काळी अमेरिकेतील बहुतेक शहरांना एकच उपाय सुचत असे, आणि तो म्हणजे जुने पाडून जागा मोकळी करणे. लोवेलमध्येही पहिल्या कंपनीच्या गिरण्या जमीनदोस्त झाल्या, आणि १९६० नंतरच्या दशकात गिरणीमुलींच्या जुन्या वसतिगृहांची एक संबंध ओळ, काही नागरिकांचा विरोध असतानाही, पाडण्यात आली. कालवे बुजवून त्यांवर रस्ते आणि वाहनतळ करावेत, अशाही सूचना पुढे आल्या. ज्यांच्या आईबापांनी त्या गिरण्यांत हाडे झिजविली होती, अशा पुष्कळांना त्या इमारतींकडे पाहवतही नसे. त्यांच्या लेखी त्या पराभवाच्या खुणा होत्या. आणि हा राग अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

अशा वेळी एका शिक्षकाने वेगळा विचार मांडला. पॅट्रिक मोगन हे त्यांचे नाव. ते शाळांत अनेक वर्षे काम केलेले शिक्षणतज्ज्ञ होते आणि गरीब वस्त्यांतील मुलांच्या शिक्षणाची एक योजना त्यांच्याकडे होती. या मुलांना आपल्या घरची भाषा, आपल्या आजोबांचा धंदा, आपले गाव, या सर्वांची लाज वाटते आणि हुशार मूल म्हणजे गाव सोडून जाणारे मूल, अशी समजूत घराघरांत पक्की होत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. शाळेच्या चार भिंतींत हा रोग बरा होण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनी सुचविले की, सबंध शहरालाच शाळा समजावे. कालवे, गिरण्या, वसतिगृहे, देवळे आणि दुकाने हीच पुस्तके. अमेरिकेत कारखानदारीचा मोठा प्रयोग जेथे प्रथम झाला, ते गाव आपल्या इतिहासाची लाज का बाळगते? या इतिहासाच्याच पायावर नव्या शहराची उभारणी करावी.

प्रथम अनेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. पडक्या गिरणीत पाहावयास कोण येणार, असा त्यांचा सवाल होता. मोगन यांनी वाद फार घातला नाही. ते लोकांना भेटत राहिले. वस्तीतील स्त्रिया, पाद्री, दुकानदार, नगरसेवक, बँकेचे अधिकारी, ज्याला वेळ असेल त्याच्याशी ते बोलत. हळूहळू माणसे जमू लागली. १९७२ साली नगर परिषदेने ठराव करून ही कल्पना शहराच्या पुढील विकासाचे सूत्र म्हणून मान्य केली. राज्य सरकारने दोनच वर्षांनी कालव्यांसाठी वारसा-उद्यान मंजूर केले. स्थानिक बँकांनी १९७५ साली एकत्र येऊन एक वित्तसंस्था काढली आणि बाजारपेठेतील जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांना कमी व्याजाने कर्जे देण्यास आरंभ केला. हे पाऊल वाटते त्याहून मोठे होते. कारण त्यापूर्वी कित्येक वर्षे मध्यवस्तीतील इमारतीवर कर्ज देणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे, अशीच समजूत होती.

आता हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये, देशाच्या कायदेमंडळात, नेणारा माणूस हवा होता. तो पॉल साँगस यांच्या रूपाने मिळाला. त्यांचे आजोबा ग्रीसहून आलेले. वडिलांचे लोवेलमध्ये कपडे धुण्याचे दुकान होते, आणि लहानपणी पॉलही तेथे राबत असत. पुढे ते इथिओपियात दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून शिकवून आले, कायद्याचे पदवीधर झाले आणि गावी परतून नगरसेवक झाले. १९७४ च्या निवडणुकीत ते काँग्रेसवर निवडून गेले. राष्ट्रीय उद्यान म्हटले की उत्तुंग पर्वत, अरण्ये आणि अस्वले डोळ्यांसमोर येत. गिरण्यांच्या गावाला राष्ट्रीय उद्यान कसे म्हणावे, ही शंका तेथे निघणे साहजिकच होते. साँगस आणि त्यांचे सहकारी चिकाटीने समजावीत राहिले. अखेर ५ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. त्यात ४ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तरतूद होती.

या कायद्याची एक खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारने सारे शहर विकत घेतले नाही. बहुतेक इमारती मालकांच्याच राहिल्या. जो मालक इमारतीचे मूळ रूप राखून दुरुस्ती करील, त्याला नव्या आयोगाकडून अनुदान किंवा कर्ज मिळू लागले. एकाने आपल्या दुकानावरचे पत्रे काढून आतली जुनी कोरीव विटांची दर्शनी भिंत मोकळी केली म्हणजे शेजाऱ्यालाही तसे करावेसे वाटे. बाजारपेठेजवळची एक मोठी गिरणी दुरुस्त करून तिच्यात पाहुण्यांसाठी माहिती केंद्र आणि लोकांसाठी राहण्याच्या खोल्या करण्यात आल्या. संध्याकाळी गिरणीच्या उंच खिडक्यांतून पुन्हा दिवे दिसू लागले.

साँगस पुढे सिनेटर झाले. १९८३ साली त्यांना कर्करोग झाल्याचे कळले. त्यांनी सिनेटची पुढली निवडणूक न लढविता आपल्या मुलींजवळ, लोवेलमध्येच, राहण्याचे ठरविले. उपचारानंतर ते बरे झाले, तेव्हा शहराच्या कामात पुन्हा उतरले. १९९७ च्या जानेवारीत ते वारले.

सगळेच साधले असे मात्र नाही. १९७० नंतरच्या दशकात वँग नावाच्या संगणक कंपनीने लोवेलमध्ये आपले मुख्य कार्यालय आणले. हजारोंना काम मिळाले आणि तीन उंच मनोरे उभे राहिले. त्यांवर ६ कोटी डॉलर खर्च झाले होते. १९९२ साली कंपनीचे दिवाळे वाजले आणि १९९४ साली ते मनोरे लिलावात अवघ्या ५,२५,००० डॉलरला गेले. एकाच उद्योगाच्या भरवशावर राहण्याचा धडा लोवेल दुसऱ्यांदा शिकले. बाजारपेठेतील दुकानांनाही शहराबाहेरच्या मोठ्या व्यापारी संकुलांशी झगडावे लागले. पण या वेळी शहर पूर्वीसारखे ओस पडले नाही. विद्यापीठ होते, लहानमोठे उद्योग होते, आणि दर वर्षी जुलैत भरणारा लोककला महोत्सव होता. १९८७ पासून तीन वर्षे देशाचा महोत्सव येथे झाला. पुढे १९९० पासून लोवेलने तो आपला म्हणून चालू ठेवला. त्यास तिकीट नसते. गल्लीगल्लीत गाणी चालतात आणि निरनिराळ्या समाजांची मंडळे आपापले खाद्यपदार्थ रांधून विकतात.

याच काळात कंबोडियातील भीषण कत्तलीतून वाचलेली हजारो कुटुंबे लोवेलला आली. शाळांत जागा पुरेना. ‘आपले’ आणि ‘परके’ असा वाद पेटला. १९८९ साली इंग्रजी हीच अधिकृत भाषा असावी, असा बंधनकारक नसलेला कौलही मतदारांनी दिला. ज्यांचे आजोबा स्वतः परके म्हणून आले होते, त्यांतील काहींनी नव्या परक्यांना दार लावून घेतले होते. तरी ही कुटुंबे टिकली. त्यांनी मोडकळीस आलेल्या गल्ल्यांत घरे घेतली, दुकाने काढली. १९९७ पासून मेरिमॅक नदीवर त्यांचा जलोत्सव होऊ लागला आणि लांब, निमुळत्या होड्यांच्या शर्यती पाहण्यास सारे शहर लोटू लागले. २०२० च्या जनगणनेत लोवेलची वस्ती १,१५,५५४ भरली. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा शहराने ओलांडला होता. २०२२ च्या जानेवारीत सोखरी चाऊ हे महापौर झाले. ते लहानपणी कंबोडियातून निर्वासित म्हणून आले होते, आणि अमेरिकेत महापौर झालेले ते पहिले कंबोडियन वंशाचे गृहस्थ होत.

ज्या गिरण्या पाडावयाच्या राहून गेल्या, त्यांपैकी एक म्हणजे बूट गिरणी. बूट हे येथील पहिल्या व्यवस्थापकाचे आडनाव आहे. पादत्राणांशी त्याचा काही संबंध नाही. १९९२ साली तेथे संग्रहालय उघडले. तळमजल्यावर ८८ जुने यंत्रमाग मांडलेले आहेत. त्यांतील थोडेसेच एका वेळी चालवितात, तरी पाहुण्यांना आत जाण्यापूर्वी कानांत घालावयास बोळे द्यावे लागतात. संग्रहालयात मालकांच्या कर्तबगारीची हकीकत आहे, तशीच मुलींच्या संपाचीही आहे. दक्षिणेतील गुलामांच्या श्रमाने पिकलेला कापूस याच मागांवर विणला गेला, ही गोष्टही तेथे लपविलेली नाही. शेजारच्या जुन्या वसतिगृहाची दुरुस्ती करून तेथे जे सांस्कृतिक केंद्र उघडले, त्यास मोगन यांचे नाव देण्यात आले.

गिरणीच्या वरच्या मजल्यांवर साँगस यांच्या नावाचे शिक्षणकेंद्र आहे. तेथे ठिकठिकाणच्या शाळांतील मुले येतात. ती छोट्या मागांवर स्वतः कापडाच्या पट्ट्या विणतात, आणि बाह्या सरसावून पाण्याच्या हौदात लहान लहान कालवे खणून, कोणते चाक जास्त जोराने फिरते ते पाहतात.