संशोधकाचे ग्रीन कार्ड : अर्ज कोणाचा?

आपल्या वडोदऱ्यातील पुष्कळ मराठी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेतील विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. सुटीवर घरी आली की वडीलधारी मंडळी हटकून विचारतात, "ग्रीन कार्ड केव्हा?" मुलगा ओशाळतो. वास्तविक हा प्रश्न त्याच्या विद्यापीठाला विचारावयास हवा. कारण नोकरीच्या मार्गाने कायम वास्तव्य मिळवावयाचे, तर पहिला अर्ज बहुधा संस्थेने करावयाचा असतो, उमेदवाराने नव्हे.

१९९० च्या कायद्याने अशा परवान्यांचे पाच वर्ग पाडले व वर्षाला सुमारे १,४०,००० ही मर्यादा घातली. पहिल्या वर्गात नामांकित प्राध्यापक व संशोधक येतात. अध्यापनाचा वा संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव, आंतरराष्ट्रीय मान्यता व कायम स्वरूपाची जागा, एवढे त्यास लागते. मान्यतेसाठी सहा प्रकारचे पुरावे सांगितले असून त्यांतील निदान दोन हवेत : पारितोषिक, निवडक संस्थेचे सभासदत्व, आपल्या कामावर इतरांनी केलेले लेखन, इतरांच्या कामाचे परीक्षण, मौलिक भर आणि स्वतःचे प्रबंध. हे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. दहा वर्षांनी शोधू गेल्यास सापडत नाहीत.

दुसऱ्या वर्गात बहुधा आधी मजूर खात्याचा दाखला लागतो : ह्या जागेस लायक अमेरिकन माणूस उपलब्ध नाही, असा. महाविद्यालयीन अध्यापकास येथे सवलत आहे. खुल्या निवडीत तोच सर्वांत योग्य ठरला, एवढे दाखविले की पुरे. मात्र निवडीपासून १८ महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. निव्वळ संशोधकास ही सवलत नाही. (संस्थेवाचून स्वतः अर्ज करण्याच्याही वाटा आहेत, पण त्यांची कसोटी निराळी.)

माझा पुतण्या २०११ साली एका विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून गेला. विभागप्रमुख दर वर्षी "पाहू" म्हणत. चार वर्षांनी कचेरीने कळविले की, वर्षावर्षाच्या नेमणुकीस आम्ही अर्ज करीतच नाही. एच-१बी परवान्याची मुदत सहा वर्षांची. तीतील चार अशी गेली. २०१५ साली दुसरीकडे अध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा त्याने रुजू होण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी मागितल्या : जागा कायम आहे काय, अर्ज कोणत्या वर्गात करणार आणि केव्हा. २०१६ साली अर्ज गेला व मंजूरही झाला. त्यामुळे सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली. भिडेखातर हे प्रश्न न विचारणे हा आपल्या मुलांचा मोठा दोष आहे, असे मला वाटते.

सरकारी पैशावर विनिमय-परवाना घेऊन गेलेल्यांनी आणखी एक अट पाहावी. त्यांस आधी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, अथवा त्या अटीतून सूट मिळवावी लागते. ह्यात नवल नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हाही परत येऊन संस्थानची चाकरी करण्याचा करार होताच.

अर्ज मंजूर झाला म्हणजे कार्ड हाती आले, असेही नव्हे. कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सात टक्क्यांहून अधिक परवाने सहसा जात नाहीत, आणि देश धरावयाचा तो जन्माचा. (पत्नीचा जन्म अन्यत्र झाला असल्यास तिच्या देशाची रांग धरता येते.) दुसऱ्या वर्गात भारतात जन्मलेल्यांस दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते. रांगेतील नंबर म्हणजे पहिला अर्ज दाखल झाल्याची तारीख. अर्ज एकदा मंजूर झाल्यावर नोकरी बदलली, तरी नव्या संस्थेच्या अर्जात ती तारीख सामान्यतः टिकते. म्हणून ते मंजुरीपत्र जपावे.

२०१२ साली अर्ज केलेल्यांची पाळी येऊन गेली आहे. पुतण्याची अद्याप यावयाची आहे. मूल २१ वर्षांचे झाले की ते बापाच्या अर्जातून गळते. अर्ज सरकारदरबारी तपासणीत पडून होता तेवढे दिवस वयातून वजा होतात, रांगेतील वर्षे मात्र नाहीत. त्याची थोरली मुलगी २००९ साली येथेच, वडोदऱ्यास जन्मली.