घरची भट्टी आणि विळ्याचे पाणी

कापडाच्या व्यापाऱ्याने लोखंडावर लेख लिहावा याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. परंतु लोणावळ्याच्या बाजारात तीस वर्षे गज हातात धरल्यानंतर मी घरामागच्या मोकळ्या जागेत एक लहानशी भट्टी मांडली, आणि दुकानाच्या सुट्टीचा दिवस आता तिथेच जातो. शौक म्हणून सुरू केलेले हे काम आमच्या ओळखीतील काही तरुणांनाही करावेसे वाटते. ते विचारतात, "चाचा, ऐरण कुठून आणली? भाता कसा बसवला?" कसे घडवावे हे सारे विचारतात, पाणी कसे द्यावे हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. त्याचा हिशेब मला भातकापणीत चुकता करावा लागला.

पहिल्या वर्षी मी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून एक विळा घडवला. वळण सुरेख आले, कानसून घासून आरशासारखा केला, आणि शेजारच्या गावातील ओळखीच्या शेतकऱ्याला इंद्रायणी भाताच्या कापणीसाठी मोठ्या ऐटीत भेट दिला. तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. विळ्याचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. "चाचा, दिसायला फार देखणा होता," एवढेच तो म्हणाला. मोडलेले टोक उडून त्याच्या घरधनिणीच्या पायाजवळून गेले होते. दोन बोटांच्या अंतराने वाचली. त्या दिवशी मी दुकानात कोणाशी धड बोललो नाही.

ते तुकडे घेऊन मी एका जुन्या जाणत्या लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी विळ्याचे वळण पाहिले नाही, धार पाहिली नाही, फक्त मोडलेली कड उजेडात धरली. कडेचा दाणा जाड साखरेसारखा चमकत होता. ते म्हणाले, "सेठ, हा विळा नाही, काच आहे. जास्त तापवलात आणि थेट पाण्यात घातलात." मग त्यांनी आपल्या हातच्या एका मोडक्या छिन्नीची कड दाखवली. तिचा दाणा दिसतच नव्हता, करड्या मखमलीसारखा होता. मखमल म्हटल्यावर मला बात समजली. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे गिऱ्हाइकाला दुकानात दिसत नाही, पहिल्या धुण्यात दिसते. पोलादाचे पाणीही तसेच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

भट्टीला फार खर्च लागत नाही. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाशी हवेसाठी दीड इंची काळा पाइप आणि हाताने फिरवायचा पंखा एवढ्यावर काम सुरू होते. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला मुळीच घेऊ नये. जस्त तापले की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कोळसा लाकडी चालतो, दगडीही चालतो, पण भट्टी बंद खोलीत कधीही लावू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

ऐरणीसाठी बहुतेकांना रुळाचा तुकडा हवा असतो. येथे सावध राहावे. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. तो माल आपल्याकडे सापडला आणि तो चोरीचा असल्याचा वाजवी संशय आला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. भंगारवाल्याकडून पक्की पावती मिळत नसेल तर रूळ घेऊ नये. मोठ्या घणाचे डोके लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवले तरी लहान कामाला पुरते. उंची एवढीच ठेवावी की सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मूठ ऐरणीला टेकेल.

कपड्यांबाबत मात्र मी व्यापारी म्हणून बोलतो. भट्टीपुढे टेरिकॉट किंवा पॉलिस्टर घालून उभे राहू नये. सुती कापड जळून राख होते, पॉलिस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. जाड सुती सदरा, त्यावर चामड्याचा पुढा, डोळ्यांना चष्मा आणि पायांत बंद बूट असावेत. आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाची. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे कोबा आतून ओला राहतो. लालभडक लोखंड ओल्या कोब्यावर पडले तर सिमेंटचे कपचे उडतात. माझ्या भट्टीखाली म्हणूनच माती आहे.

पहिले काम विळ्याचे करू नये. साध्या सळईचे एस आकाराचे आकडे करावेत. माझ्या दुकानात साड्यांचे नमुने अशाच पंचवीस-तीस आकड्यांवर टांगलेले आहेत, आणि पहिले दहा कोणते हे आंधळाही ओळखेल. त्यातून हातोडा सरळ पडू लागतो. लोखंड नारिंगी-पिवळे असतानाच ठोकायचे, लाल मंद झाले की थांबायचे, ही सवय लागते. पण साध्या सळईत कार्बन फार कमी असतो. तिला कितीही पाणी द्या, ती कडक होत नाही, म्हणून धारेच्या वस्तूला ती निकामी. कमानीच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्यापर्यंत असतो, जुन्या चांगल्या कानशीत एक टक्क्याहून अधिक. ओळख पटत नसेल तर सहाणेच्या चाकावर ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात, पोलादाच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात.

आता पाण्याचा विषय, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

लोहारकाकांनी मला पहिला धडा दिला तो वस्तू न बनवण्याचा. पाट्यातून बोटाएवढे तीन तुकडे कापायचे. एक मंद लाल असताना, एक त्याहून थोडा अधिक आणि एक पिवळा होईपर्यंत तापवून तेलात बुडवायचा. मग तिन्ही पक्कडीत धरून मोडायचे आणि दाणा पाहायचा. मंद लाल तुकडा मोडण्याऐवजी वाकतो, पिवळा काचेसारखा फुटतो आणि साखर दाखवतो, मधला मोडतो पण मखमल दाखवतो. त्या मधल्या तुकड्याचा रंग डोळ्यांत साठवायचा. दिवसाच्या उन्हात रंग फसवतो, म्हणून हे काम संध्याकाळी किंवा सावलीत करावे. डोळ्यावर भरवसा नसेल तर जुन्या स्पीकरचे लोहचुंबक तारेला बांधून जवळ न्यावे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला ओढ देणे सोडते. त्यानंतर रंग किंचित वाढू द्यावा आणि वस्तू तेलात सोडावी.

तेलाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून लोक वापरतात, पण त्याचा धूर घातक आहे. स्वयंपाकाचे कोणतेही स्वस्त तेल चालते. ते हाताला चांगले गरम लागेल इतके आधी तापवावे. गार तेल घट्ट असते आणि उष्णता सावकाश ओढते. लोखंडी डबा, त्याला झाकण आणि शेजारी वाळूची बादली हवीच, कारण तेल पेट घेते. कमानीच्या पाट्याला थेट पाणी नको. माझा विळा पाण्यातच कोठेतरी बारीक तडकला असावा, शेतात फक्त मोडला.

घडवून झाल्यावर पाणी देण्याआधी वस्तू तीनदा लाल करून हवेतच निवू द्यावी. त्याने ठोकण्यातला ताण जातो आणि दाणा बारीक होतो. हे मी केलेच नव्हते. आणि पाणी दिल्यानंतर काम संपत नाही, तेव्हा पोलाद सर्वांत ठिसूळ असते. त्याला पुन्हा हलके तापवून उतरवावे लागते. एक बाजू घासून चकचकीत करावी आणि पाठीकडून सावकाश ऊब द्यावी. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. स्वयंपाकाच्या सुरीला पिवळा पुरे. विळ्याला, कोयत्याला धार तपकिरी-जांभळी आणि पाठ निळी असावी, म्हणजे तो दगडावर आपटला तरी मोडत नाही. घरात ओव्हन असेल तर सुरीसाठी २०० अंशांवर तासभर, असे दोनदा करावे.

बकरी ईदच्या आधी सुऱ्या घेऊन येणाऱ्यांना मी हाच निळा रंग दाखवतो. कोरड्या चाकावर घाईने धार लावली की ठिणग्यांसोबत धारेवर निळा डाग येतो. तिथले पाणी उतरले असे समजावे. ती सुरी दोन जनावरांत बोथट होते आणि मुक्या जिवाला त्रास होतो. धार पाण्याच्या दगडावर सबुरीने लावावी.

शोभेची तलवार करून द्या, असेही सांगणारे भेटतात. त्यांना मी हात जोडतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाखेरीज नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. २०२३ च्या सुरुवातीला कोयत्याच्या गुन्ह्यांनंतर पुण्यात पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाची नोंद ठेवायला सांगितले होते. कोणासाठी काय केले याची एक वही आपणही ठेवावी.

कार्ल्याच्या लेण्यात एक शिलालेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या व्यापाऱ्याने ते काम करवले असे त्यात कोरलेले आहे. मी तेथे गेलो की त्या काळ्या कातळावरच्या छिन्नीच्या खुणा पाहतो. एवढा डोंगर कोरायचा म्हणजे रोज किती छिन्न्या बोथट झाल्या असतील, आणि त्या शेवटून पुन्हा पाणी देणारे लोहार किती लागले असतील! पैसा देणाऱ्या शेठजीचे नाव राहिले. आपल्या बाजारातही तेच चालते. रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाड्याची बायको घण मारते, नवरा सांडशीने लोखंड फिरवतो, आणि गिऱ्हाईक विळ्याच्या वजनावर भाव करते. वजन लोखंडाचे आहे. मेहनताना त्या एका क्षणाचा आहे, जेव्हा त्याने रंग ओळखला. मीही पूर्वी घासाघीस करीत असे. आता करवत नाही.

दुसऱ्या वर्षी मी त्या शेतकऱ्यासाठी नवा विळा केला. आधी तुकडे मोडून पाहिले, मग तीनदा निववले, तेलात पाणी दिले, जांभळ्यावर उतरवला आणि ऐरणीच्या ओंडक्यावर दहा वेळा जोराने हाणला. तो घेऊन गेलो तर शेतकरी हसला आणि म्हणाला, "चाचा, आधी तुम्ही कापून दाखवा." घरची मंडळी बांधावर लांब जाऊन उभी राहिली. मी अर्धे खाचर कापले. विळा शाबूत राहिला. माझी कंबर मात्र दोन दिवस धरली होती.