अवयवांतून आयताच्या बाजू

धारच्या भोजराजाने भास्करभट्टांना ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचे पाटण (चाळीसगाव) येथील १२०७ च्या शिलालेखात नमूद आहे. याच वंशात पुढे जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातील हे उदाहरण पाहावे: एका राशीची चौपट, दुसरीची तिप्पट व दोन यांची बेरीज त्या राशींच्या गुणाकाराइतकी आहे, तर राशी कोणत्या?

आचार्यांनी गुणाकारास आयताचे क्षेत्रफळ मानले. क्ष व य या बाजूंच्या आयतातून ४क्ष व ३य क्षेत्रफळांच्या पट्ट्या वगळाव्यात. कोपऱ्यातील १२ दोनदा वजा होतात; ते परत मिळविल्यास २ + १२ = १४ उरतात, म्हणजे (क्ष−३)(य−४) = १४.

येथे विद्यार्थी बहुधा २×७ घेऊन थांबतो. वस्तुतः १×१४ हेही अवयव आहेत, आणि त्यांचा क्रमही उलटता येतो. म्हणून पूर्णांकी बाजूंचे आयत चार: ५×११, १०×६, ४×१८, १७×५.