सोन्याचा सांधा



घरातला चिनी मातीचा कप फुटला की आपण तुकडे सुपलीत भरतो आणि केरात टाकतो. भांडे कुणाची आठवण असेल, तर बाजारातला गोंद लावून, तडा गेलेली बाजू भिंतीकडे करून, कपाटात ठेवतो. जपानमध्ये मात्र फुटलेले भांडे सांधण्याची एक जुनी कला आहे, जिच्यात सांधा लपवत नाहीत. त्याच्यावरून सोन्याची रेघ ओढतात. ह्या कलेला किंत्सुगी म्हणतात. ‘किन’ म्हणजे सोने, ‘त्सुगी’ म्हणजे सांधणे.

हे नाव आता पुष्कळांच्या कानावरून गेले आहे. सोनेरी रेघांच्या वाडग्याचे चित्र आणि खाली ‘तुटल्याने माणूस अधिक सुंदर होतो’ अशा अर्थाचा सुविचार मोबाईलवर फिरत असतो. आम्हांला तो सुविचार पटत नाही. तुटल्याने कोणी सुंदर होत नाही. तुटलेल्या घरांत आम्ही जातो, तेथे सौंदर्य दिसत नाही, दिसते ती न झोपलेल्या माणसांची तोंडे. म्हणून ह्या उपवासकाळात, समेटाच्या साक्रामेंताची तयारी करताना, सुविचार बाजूला ठेवून कारागिराच्या पाटाजवळ बसू या आणि हे काम प्रत्यक्षात कसे करतात ते शिकू या.

आधी थोडा इतिहास. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा नावाचा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, होऊन गेला. त्याच्याकडे चीनमधून आलेला हिरवट झिलईचा एक सुंदर वाडगा होता. त्याला तडा गेला, तेव्हा त्याने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. तसा वाडगा आता बनत नाही, असे उत्तर आले आणि तोच वाडगा धातूचे टाके मारून परत आला. ते ओबडधोबड टाके पाहून जपानी कारागिरांनी सोन्याची रीत शोधली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही दंतकथाच म्हणायची. कारण तो वाडगा आजही टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्याच्यावर टाकेच आहेत, सोने नाही. त्या टाक्यांमुळे त्याला ‘टोळ’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि त्या नावानेच तो नावाजला.

दुसरी गोष्ट आपल्या वसईपर्यंत येऊन पोहोचते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हाती होती. त्याला चहाच्या समारंभाचे आणि जुन्या पेल्यांचे मोठे वेड. एकदा त्याच्या आवडत्या पेल्याचे एका लहान सेवकाच्या हातून पाच तुकडे झाले. आता मुलाचे काही खरे नाही, असे सर्वांना वाटले. तेवढ्यात होसोकावा यूसाई ह्या विद्वान सरदाराने त्या पेल्याच्या नावावरून एक समयोचित पद्य रचून म्हटले. हिदेयोशीचा राग उतरला आणि मुलगा वाचला, अशी कथा आहे. पेला सांधला गेला आणि आजही जपून ठेवलेला आहे.

ह्याच हिदेयोशीच्या हुकुमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांच्यात वसईत जन्मलेले आपले संत गोन्सालो गार्सिया होते. एका पेल्याबद्दल क्षमा करू शकणाऱ्या हाताने हा हुकूम दिला, हे वाचून आम्ही थबकलो. त्याच दरबारात जुस्तो ताकायामा उकोन हे कॅथलिक सरदार होते. चहाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू ह्यांच्या प्रमुख शिष्यांत त्यांची गणना होते. श्रद्धा सोड, असा हुकूम आला तेव्हा १५८७ साली त्यांनी आपली जहागीर सोडली. पुढे १६१४ साली त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि १६१५ च्या फेब्रुवारीत मनिला येथे त्यांनी देह ठेवला. २०१७ साली ओसाका येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. किंत्सुगी ही चहाच्या ह्याच जगात वाढलेली कला आहे.

आता काम. शिकाऊ माणसाला सोन्याला हात लावायला मिळत नाही. त्याला आधी तुकडे मिळतात. ते सगळे गोळा करायचे, बारीक कपच्यासुद्धा, धुवायचे, वाळवायचे आणि काही न लावता नुसते जुळवून पाहायचे. कोणता तुकडा कुठे बसतो आणि कोणता आधी बसवला तर शेवटच्याला जागा उरत नाही, हे इथे कळते. घाई करणाऱ्याचा शेवटचा तुकडा बाहेरच राहतो. पापनिवेदनापूर्वीची आत्मपरीक्षा ती हीच. काय तुटले, किती तुटले आणि माझ्या हातून कोणता तुकडा निखळला, हे टेबलावर मांडून पाहणे.

मग येतो चिकटवायचा पदार्थ, उरुशी. आपली लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक आहे. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या खोडाला एका हंगामात चरे पाडत जातात. एवढ्या वर्षांच्या वाढीतून हाती येतो तो सुमारे २०० ग्रॅम चीक. पुष्कळ ठिकाणी हंगाम संपला की झाड तोडतात आणि बुंध्यातून नवे फुटवे येऊ देतात. हे झाड आपल्या आंब्याच्या, काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातले आहे. बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे आपल्या आजींना विचारा. ओली उरुशी अंगाला लागली तर तशीच खाज आणि तसेच फोड येतात. म्हणून शिकणारे हातमोजे घालतात आणि तरी पुष्कळांचे हात पहिल्या काही दिवसांत सुजतात. हीच उरुशी पुरती कडक झाली की निरुपद्रवी होते, इतकी की तिच्या रोगणाच्या वाडग्यांतून लोक रोज जेवतात.

गव्हाचे पीठ पाण्यात मळायचे, त्यात उरुशी घालून तार येईपर्यंत घोटायचे. हा झाला गोंद. तो दोन्ही कडांना पातळ लावून तुकडे जुळवायचे आणि बांधून ठेवायचे. ह्यापुढची गोष्ट आम्हांला सर्वांत नवलाची वाटते. उरुशी उन्हात वाळत नाही. तिला ओलावा लागतो. हवेत ७० ते ८५ टक्के दमटपणा आणि २० ते ३० अंश उष्णता असेल, तरच ती हवेतला प्राणवायू घेऊन आतून घट्ट होते. म्हणून भांडे ओले फडके ठेवलेल्या बंद लाकडी पेटीत ठेवतात. (आपल्याकडे जुलै महिन्यात पेटीचीही गरज पडू नये!) तेथे ते आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक राहते. मध्ये उघडून ओढून पाहिले तर सांधा सुटतो. त्यानंतर बारीक मातीची पूड आणि उरुशी कालवून फटी बुजवायच्या, घासायच्या, काळ्या उरुशीचा थर द्यायचा, पुन्हा पेटी, पुन्हा घासणे. ह्यात महिना, दोन महिने, तीन महिने जातात. शेवटी लाल उरुशीची बारीक रेघ ओढतात आणि ती अर्धवट चिकट असताना तिच्यावर सोन्याची पूड सोडतात. पूड बसली की अकीक दगडाने किंवा माशाच्या दाताने घासून चकाकी आणतात. सोने आहे ते एवढेच, वरचा पातळ थर. भांडे धरून ठेवतो तो खालचा चीक.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळू. पुष्कळ भाविक आम्हांला विचारतात, ‘फादर, देवाने क्षमा केली तर झालेले पुसले का जात नाही?’ यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात कुंभाराची दोन प्रकरणे लागोपाठ येतात. अठराव्यात चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे घडवतो. एकोणिसाव्यात संदेष्टा भाजलेले मडके लोकांच्या डोळ्यांदेखत फोडतो आणि ते पुन्हा नीट होणारे नाही, असे सांगतो. माती ओली असते तोवर तिचा गोळा करता येतो. भट्टीत सुमारे ६०० अंशांच्या पुढे गेलेली माती पाण्यात घालून ठेवली तरी पुन्हा चिखल होत नाही. चाळिशी-पन्नाशीतली आपण माणसे बहुतेक भाजलेली भांडी आहोत. आपले बोललेले शब्द, केलेले व्यवहार, न केलेली मदत, सारे पक्के झाले आहे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तर स्पष्ट मांडले आहे की, घडून गेलेली गोष्ट घडलीच नव्हती असे करणे हा मुळातच परस्परविरोध आहे आणि देवाच्या सर्वसमर्थपणात परस्परविरोध येत नाही. सेमिनरीत हे वाचताना रुक्ष तर्क वाटतो. पापनिवेदन ऐकायला बसल्यावर त्यातला दिलासा कळतो. क्षमा म्हणजे भूतकाळाची खाडाखोड असती, तर देवाला आपला तो भाग नकोच आहे, असा अर्थ झाला असता. तेच संत थॉमस दुसऱ्या ठिकाणी विचारतात, पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावर जखमांच्या खुणा का राहिल्या? कमतरता म्हणून नव्हे, गौरव म्हणून, असे ते उत्तर देतात. खिळे ठोकणे मात्र त्यामुळे चांगले ठरत नाही.

आपल्या गावांतले उदाहरण घेऊ. दोन भाऊ, वडिलांची वाडी, तिच्यावर आलेली बिल्डरची किंमत, आणि मग सातबाऱ्यावरून कोर्ट. वीस वर्षे एकमेकांच्या घरचे लग्न नाही, मयत नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘विसरून जा, हात मिळवा.’ हा बाजारातला गोंद. पाच मिनिटांत चिकटतो आणि पुढच्या सणाला सुटतो. ज्याच्याकडे अधिक गेले त्याने ते मान्य करणे, जख्खयासारखे जे परत देता येईल ते देणे, आणि दुसऱ्याने त्याला थोडा वेळ देणे, हे चीक लावण्याचे काम आहे. ते हाताला लागते. पापनिवेदनात धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात ते ह्याचसाठी. दोष माफ झाला तरी झालेले नुकसान भरून काढायचे राहतेच.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगितली पाहिजे. घरात मारहाण होत असेल, तर मार खाणाऱ्या बाईला किंवा मुलाला किंत्सुगीचा दाखला देऊन परत पाठवू नका. जे भांडे अजून आपटले जात आहे, ते कोणताही कारागीर सांधायला घेत नाही. आधी ते हात थांबले पाहिजेत. तिने मनातून क्षमा केली तरी त्या घरात राहायला ती बांधलेली नाही.

आणि एखादा तुकडा सापडलाच नाही तर? भाऊ समेटापूर्वीच वारला, असे आम्हांला ह्या वर्षातच दोघांनी येऊन सांगितले. किंत्सुगीत ह्यासाठी ‘योबित्सुगी’ नावाची एक रीत आहे. हरवलेल्या जागी दुसऱ्याच भांड्याचा तुकडा कापून बसवतात. त्याचा रंग वेगळा, नक्षी वेगळी, आणि ती तशीच दिसू देतात. मेलेल्या भावाशी आता बोलता येणार नाही. त्याची मुले आहेत, कदाचित त्याची विधवा आहे. त्यांच्या दारात जाता येते, भावाच्या नावाने मिस्सा अर्पण करून त्यांना सोबत बोलावता येते. ती आली नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावता येते.

उपवासकाळात दर शनिवारी सायंकाळी ५ ते ७ आम्ही चर्चमध्ये पापनिवेदनासाठी बसलेले असू. ज्यांना अजून पापनिवेदन करायचे नाही, तुकडे नुसते मांडून पाहायचे आहेत, त्यांनीही यावे.